भाडेपट्ट्याची मुदत (गृहखरेदीतील)

भाडेपट्ट्याची मुदत : (गृहखरेदीतील). जमिनीची मालकी न देता तिचा किंवा तीवरील घराचा उपभोग मोबदल्याच्या बदल्यात ठराविक काळापुरता अथवा कायमचा देणारे हस्तांतरण म्हणजे भाडेपट्टा होय. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ मध्ये त्याची व्याख्या आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तऐवजानेच करावा लागतो.

पट्ट्याने घर घेणाऱ्याने मूळ मुदतीपेक्षा शिल्लक मुदत पाहणे अगत्याचे असते. भाडेकरू-सहभागीदारी पद्धतीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत इमारत संस्थेची, तर सभासदाकडे केवळ भाग व वहिवाटीचा हक्क असतो. संस्थेची जमीनच पट्ट्याची असल्यास सभासदाचा हक्क त्या पट्ट्यापलीकडे जाऊ शकत नाही. सिडकोने नवी मुंबईतील भूखंड मूलतः ६० वर्षांच्या पट्ट्याने दिले. असा एखादा भूखंड १९८० मध्ये दिलेला असेल, तर त्यावरील सदनिका २०२० मध्ये विकत घेणाऱ्याच्या वाट्यास, मुदतवाढ न मिळाल्यास, २० वर्षेच येतात. किंमत मात्र पुष्कळदा पूर्ण मालकीच्या घराइतकीच मागितली जाते. नूतनीकरणाचा हक्क, त्याचा आकार आणि हस्तांतरणास लागणारी जमीनमालकाची संमती यांविषयीच्या अटी म्हणूनच मुदतीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

मुदत फार दीर्घ असली, की पट्टा व विक्री यांतील भेद जवळजवळ नाहीसा होतो. महाराष्ट्रात २९ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यावर मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या ९० टक्के रकमेवर विक्रीप्रमाणे मुद्रांक शुल्क आकारतात. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी उभारलेल्या लवासा या गिरिनगरात सदनिका ९९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्यात आल्या. किमतीचा मोठा भाग आगाऊ घेतला जाई व वार्षिक भाडे नाममात्र असे. ताबा वेळेवर न मिळाल्याने काही ग्राहकांनी २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १८ खाली दाद मागितली, तेव्हा हे व्यवहार विक्रीचे नसून भाड्याचे असल्याने अधिनियम लागू होत नाही, असा बचाव प्रवर्तकाने केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो ऑगस्ट २०१८ मध्ये अमान्य केला. दस्तऐवजाच्या नावापेक्षा व्यवहाराचे स्वरूप पाहावयाचे असते. इतक्या दीर्घ मुदतीचा आणि जवळजवळ सर्व मोबदला आधी घेणारा पट्टा वस्तुतः विक्रीच ठरतो, असा या निर्णयाचा आशय आहे. अधिनियमातील व्याख्येतही पट्ट्याने सदनिका मिळालेल्या व्यक्तीचा समावेश असून साधा भाडेकरू तेवढा वगळला आहे.

तथापि त्याच महिन्यात राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने प्रवर्तक कंपनीविरुद्ध नादारीची कार्यवाही दाखल करून घेतली आणि वसुलीच्या कार्यवाहीस स्थगिती लागू झाली. परिणामी, ज्यांना ताबा मिळाला नव्हता अशा ग्राहकांना, करारात ९९९ वर्षे लिहिलेली असूनही, इतर धनकोंबरोबर आपले दावे मांडावे लागले.