सदाफुलीचे पान आणि पेशीतले धागे

दहावीच्या वर्गात पेशीविभाजन शिकवले. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, "टीचर, माझ्या छोट्या भावाला ब्लड कॅन्सर आहे. केमोने त्याचे सगळे केस गेले. दादी म्हणते, हे औषध नाही, जहर आहे. बंद करा, मी सदाफुलीचा काढा देते. खरं काय आहे?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशीच्या धड्यातच होते.

आईच्या पोटात आपण सगळे एका पेशीपासून सुरू झालो. एकीच्या दोन, दोनांच्या चार अशा पेशी वाढत गेल्या. पेशीच्या केंद्रकात 46 गुणसूत्रे असतात. शरीर कसे घडवायचे याची सगळी माहिती त्यांच्यात असते. दोन पेशी होताना ही माहिती दोघींना पुरी मिळायला हवी. म्हणून पेशी आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार करते. मूळ आणि नक्कल, मधोमध टाचलेल्या दोन दोऱ्यांसारखी एकमेकींना चिकटून राहतात.

मग गुणसूत्रे आखूड आणि जाड होतात. केंद्रकाचे आवरण विरघळते. पेशीच्या दोन टोकांकडून बारीक धागे, म्हणजे तर्कुतंतू, निघतात आणि प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी धरतात. नमाजाच्या सफीसारख्या साऱ्या जोड्या मध्यभागी एका ओळीत येतात. मग टाका सुटतो. एक दोरी इकडे, एक तिकडे ओढली जाते. दोन्ही टोकांना 46-46 गुणसूत्रे पोहोचली की त्यांच्याभोवती नवे आवरण तयार होते. एका केंद्रकाची दोन झाली! सुब्हानअल्लाह! जर्मन शास्त्रज्ञ वॉल्थर फ्लेमिंग यांनी पेशींना रंग देऊन हे सारे पाहिले आणि 1882 मध्ये त्याला 'मायटोसिस' नाव दिले. ग्रीक भाषेत 'मायटोस' म्हणजे धागा.

निरोगी पेशी गरजेपुरती विभागते. कॅन्सरच्या पेशीला थांबणे ठाऊक नसते. तिला थांबवायचे तर तो धागाच बनू द्यायचा नाही. व्हिन्क्रिस्टिन हे औषध नेमके हेच करते. धागे नसल्याने गुणसूत्रे ओढली जात नाहीत, पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. केसांच्या मुळांतल्या पेशीही सतत विभागत असतात, म्हणून त्यांनाही मार बसतो. पण उपचार संपले की मुळे पुन्हा कामाला लागतात आणि केस येतात.

आता दादीची सदाफुली. व्हिन्क्रिस्टिन मिळते ते याच झाडापासून! 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकातून सदाफुलीची पाने आली. तिथे लोक मधुमेहावर या पानांचा चहा पीत. प्रयोगात प्राण्यांच्या रक्तातली साखर काही घटली नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यावरून नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळे काढले. त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टिन मिळाले.

मग घरचा काढा का नको? ढीगभर पानांतून हे औषध किंचितच निघते. पानांत इतरही विषारी द्रव्ये असतात. कोणत्या पानात काय किती, हे सांगता येत नाही. डॉक्टर व्हिन्क्रिस्टिन मुलाच्या अंगमानानुसार मिलिग्रॅममध्ये मोजून फक्त शिरेतून देतात. साखरेसाठी रोज सकाळी सदाफुलीची पाने चावणाऱ्या आपल्या खाला-मामूंनीही हे ध्यानात घ्यावे.

मी त्या मुलीला म्हटले, "बेटा, दादीला सांग, तुमची सदाफुलीच डॉक्टर देतात, पण शुद्ध करून, मोजून. केस गेले म्हणून औषध सोडू नका." मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर बहुसंख्य मुले बरी होतात. उपचार अर्धवट सोडले तर उरलेल्या थोड्या पेशी एकीच्या दोन, दोनांच्या चार होत पुन्हा वाढतात.

दुआ जरूर करावी, आणि औषधाची तारीखही चुकवू नये. शिफा देणारा अल्लाह आहे. त्याने एका साध्या फुलझाडात ठेवलेले औषध पूर्ण घेणे, हे आपले काम.