छापून आलं नाही, तर दाखवायचं काय?

कुठे काही छापून आलेलं नसेल तर पोर्टफोलिओ होतच नाही, ही नवख्या कंटेंट रायटरची सर्वांत मोठी धास्ती. ती निराधार आहे. काम देणाऱ्याला बघायचं असतं ते एवढंच : हा माणूस माहिती नीट गोळा करतो का आणि ती वाचकाला समजेल अशी मांडतो का. ते स्वतःहून लिहिलेल्या लेखातूनही कळतं. मात्र त्यावर ‘सरावासाठी लिहिलेला नमुना’ अशी स्पष्ट नोंद हवी. नावाजलेल्या कंपनीची जाहिरात मनानेच लिहून ती क्लायंटचं काम म्हणून खपवणं ही फसवणूकच.

नमुन्यांसाठी विषय आपल्या परिसरातच सापडतात. उदाहरणार्थ, पनवेलकराला त्यासाठी मुंबई गाठायला नको. १८७२ साली इथेच सुरू झालेली आयुर्वेदिक औषधांची धूतपापेश्वर कंपनी आहे, वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण आहे, मुंबई-गोवा महामार्गालगतचं कर्नाळा अभयारण्य आहे. कर्नाळ्यावर ‘निसर्गाच्या कुशीत वसलेलं’ अशी सुरुवात केली की ते कुठल्याही जंगलाचं वर्णन होतं. त्याऐवजी आजी-आजोबांना घेऊन रविवारी येणाऱ्या कुटुंबासाठी लिहावं : पायथ्याशी रमतगमत पक्षी बघता येतात, किल्ल्याची वाट दमवणारी आहे आणि माथ्यावरचा अंगठ्यासारखा सुळका प्रस्तरारोहणाच्या साहित्याशिवाय चढता येत नाही. वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, हे इथे लगेच दिसतं.

असे चार-पाच नमुने सुरुवातीला पुरतात. पंचवीस लेखांची थप्पी कुणी वाचत नाही.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो : नाव न छापता लिहून दिलं, पैसे मिळाले, विषय संपला! कॉपीराइट कायदा, १९५७ वेगळं सांगतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे लिहून देणाऱ्याचा हक्क मात्र साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला लेखी करार लागतो. त्यात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क विकल्यावरही ‘हे मी लिहिलं’ असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ लेखकाकडेच ठेवतं.

अर्थात गुप्ततेचा करार केला असेल तर तो पाळायलाच हवा. म्हणून काम घेतानाच ईमेलवर विचारून ठेवावं : ‘प्रसिद्ध झाल्यावर हा मजकूर मी नमुना म्हणून दाखवला तर चालेल ना?’ नवखी मुलं हे विचारायला संकोचतात. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

‘पोर्टफोलिओला देखणी वेबसाइट लागते’ हेही खरं नाही. गूगल ड्राइव्हवरचं एक नीटनेटकं फोल्डर भागवतं. फक्त लिंक पाठवण्याआधी ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ अशी परवानगी द्यावी, नाहीतर समोरच्याला कुलूपच दिसतं. मराठीत आणखी एक खबरदारी लागते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, त्याची पीडीएफ करावी आणि पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या मोबाइलवर एकदा उघडून बघावी.