हरवलेले पंधरा व्होल्ट

जुनी उपकरणं, घरचं टेबल : लेखांक पाचवा

मागच्या लेखात टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा ऑसिलोस्कोप आपण उघडला, धूळ झाडली, व्होल्टेज सिलेक्टर ११५ वरून २३० वर आणला आणि फ्यूजही त्याप्रमाणे बदलला. सिरीज बोर्डावर लावल्यावर बल्ब क्षणभर लखलखला आणि मंदावला. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला मोठा शॉर्ट नाही, एवढं त्यातून कळलं. पंखाही फिरतोय. पडद्यावर मात्र रेघ नाही. आज तिच्या मागे लागू.

अशा वेळी अनेकांचा हात थेट सोल्डरिंग आयर्नकडे जातो. पन्नास वर्षांचा डबा आहे, सगळेच कपॅसिटर बदलून टाकू, म्हणजे कटकट मिटली! कटकट तिथेच वाढते. जुन्या बोर्डावरचा प्रत्येक डाग उकलताना तांब्याचा पॅड सुटून येण्याची भीती असते. एखादा कपॅसिटर उलटा बसला, तर मूळ बिघाडात आपल्या हातच्या बिघाडाची भर पडते. म्हणून या लेखमालेचा नियम एकच : आधी मोजायचं, मग बदलायचं.

४६५ बाजारात आला १९७२ साली. दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ, आणि एका हाताने उचलता येईल असा बांधा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली ही कंपनी पिक्चर ट्यूब आणि बऱ्याचशा आयसी स्वतःच बनवत असे. त्या आता नव्या मिळत नाहीत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घातला तरी त्यांना पर्याय सापडायचा नाही. पण या यंत्रांची रेघ गायब होते ती पुष्कळदा काही रुपयांच्या कपॅसिटरमुळे, आणि तो कुठेही मिळतो.

शोधाची सुरुवात पॉवर सप्लायपासून करायची. पण त्याआधी दोन गोष्टी. ट्यूबच्या ॲनोडवर १८,००० व्होल्ट असतात. त्या कोपऱ्यात आज आपलं काही काम नाही, तिकडे बोट न्यायचं नाही. आणि मशीन बंद केल्यावरही मोठे फिल्टर कपॅसिटर भारलेले राहतात. बोर्डाला हात लावण्यापूर्वी ते मीटरने तपासा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याचा शौक नको.

या स्कोपमध्ये लो व्होल्टेजचे पाच मुख्य सप्लाय आहेत : +११०, +५५, +१५, +५ आणि −८. क्रम महत्त्वाचा : आधी +५५, कारण बाकीच्यांचं नियमन त्याच्या आधाराने चालतं. तो ढळला तर उरलेली मापं घेण्यात अर्थ नाही. ही मोजणी सिरीज बल्ब काढून, थेट मेन्सवर करायची. बल्ब मध्ये असला की इनपुट खाली बसतं आणि धडधाकट सप्लायही आजारी दिसतो.

आपल्या मशीनमध्ये +५५ चोख निघाला. +१५ च्या टेस्ट पॉइंटवर मात्र अर्धा व्होल्टही नाही. मशीन बंद केलं आणि तोच पॉइंट ते ग्राउंड रेझिस्टन्स पाहिला, तर जेमतेम एक ओहम. रेल शॉर्ट आहे. रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी करंट आवरून बसला आहे, म्हणून फ्यूज उडाला नाही.

पहिला संशय टँटॅलम कपॅसिटरवर. थेंबाच्या आकाराचे, चकचकीत, छोटे. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकमधलं द्रावण वर्षानुवर्षं सुकत जातं, त्याची क्षमता कमी होते आणि सप्लायवर रिपल वाढतो. टँटॅलमचं तसं नाही. त्याच्या आतला ऑक्साइडचा अतिपातळ थर एखाद्या झटक्यात फुटतो आणि तो थेट शॉर्ट होतो. बाहेरून ओळखू येईलच असं नाही.

अडचण अशी की +१५ ची रेल सगळ्या बोर्डांवर फिरते आणि तिच्यावर असे कपॅसिटर जागोजागी आहेत. सगळे समांतर जोडलेले, म्हणून ओहममीटर कुठेही लावा, आकडा साधारण तोच. पण एकेक काढून बघायची गरज नाही. मशीन बंदच ठेवा. बेंच सप्लाय १ व्होल्ट आणि अर्ध्या ॲम्पिअरच्या मर्यादेवर लावा, प्लस +१५ च्या रेलला, मायनस ग्राउंडला. आता हा करंट शॉर्टकडेच धावतो, आणि वाटेतल्या तांब्यावर व्होल्टेज पडतं. १ मिलिमीटर रुंद आणि ३५ मायक्रॉन जाड पट्टीचा रेझिस्टन्स दर १० सेंटिमीटरला सुमारे ०.०५ ओहम. अर्ध्या ॲम्पिअरला तिथे २५ मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे दर सेंटिमीटरला अडीच. साधा डिजिटल मीटर मिलिव्होल्टमधला हा फरक सहज दाखवतो.

मीटरची काळी पिन ग्राउंडवर पक्की करा आणि लाल पिन रेलवरून सरकवत न्या. शॉर्टकडे जाताना आकडा उतरत जाईल. ज्या फाट्यावर करंट जात नाही, तिथे तो हलणारच नाही, मग मागे फिरून दुसरी वाट धरायची. ‘गरम’, ‘थंड’ अशा इशाऱ्यांवरून लपवलेली वस्तू शोधण्याच्या खेळासारखंच हे. आकडा जिथे सर्वांत खाली येतो, तिथला कपॅसिटर आपला गुन्हेगार. त्याचा एक पाय सोडवा आणि रेल पुन्हा मोजा. शॉर्ट गेला तर खात्री पटली.

नवा बसवताना व्होल्टेजमध्ये कंजुषी नको. १५ व्होल्टच्या रेलवर ३५ व्होल्टचा टँटॅलम घ्या, नाहीतर चांगल्या प्रतीचा ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक. आणि इथे हमखास चूक होते : टँटॅलमवरची खूण प्लसची असते, ॲल्युमिनियमवरचा पट्टा मायनसचा. खुणेला खूण जुळवून बसवलात तर नवा कपॅसिटर पहिल्याच स्विचला फुटेल.

मग पाचही सप्लाय पुन्हा मोजा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादांशी ताडून पाहा. मीटर एसीवर ठेवून रिपलही बघा. १०० हर्ट्झचा रिपल जास्त असेल, तर त्या सप्लायचा फिल्टर कपॅसिटर खरोखरच थकला आहे आणि तो जरूर बदला. बाकीचे नीट चालत असतील तर त्यांना हात लावू नका. सगळी मापं तारखेसह वहीत लिहा. पुढच्या बिघाडाच्या वेळी तुलनेला तीच कामी येतील.

रेघ आली तरी स्कोप विश्वासू झाला असं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्याच १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेटरवर प्रोब जुळवू आणि टाइमबेस खरं बोलतो का ते तपासू. त्यासाठी एक १०:१ प्रोब आणि छोटा प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर तयार ठेवा.