ओळ कुठे संपते, हे कोण ठरवणार?

नळदुर्गच्या शिवारातल्या एखाद्या गटाचा सातबारा 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या काढता येतो. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज उरत नाही. ही स्वाक्षरी म्हणजे कागदावर उमटलेली खूण नव्हे. पीडीएफमध्ये स्वाक्षरीची स्वतःची जागा सोडून उरलेल्या सगळ्या बाइटांवरून हॅश नावाचा एक छोटा आकडा काढतात, आणि सही होते ती त्या आकड्यावर. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधल्या तिसऱ्या कलमाने मान्य केलेली पद्धत हीच आहे. त्यामुळे खातेदार, क्षेत्र, पीक यांतला काना-मात्राही न हलता फाइलमधला एकच अदृश्य बाइट बदलला, तरी पडताळणीत सही बाद ठरते. आणि संगणकांच्या येण्या-जाण्यात कुणाच्या लक्षात न येता बदलणारे जे बाइट आहेत, त्यांत ओळ संपल्याची खूण फार वरच्या क्रमांकावर आहे. ती खूण बदलायची की नाही, हे प्रत्येकाच्या संगणकावर सोडून देऊ नये. तो निर्णय फाइलींच्या सोबतच लिहून ठेवला पाहिजे.

या गोंधळाचे मूळ टेलिप्रिंटरमध्ये आहे. ओळ संपली की त्या यंत्राला दोन हालचाली कराव्या लागत: छापणारा भाग डाव्या कडेला आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. आस्की संकेतात पहिल्या हालचालीला 13 आणि दुसरीला 10 हा क्रमांक मिळाला. युनिक्सने फक्त 10 ठेवला, डॉस आणि पुढे विंडोजने दोन्ही ठेवले, जुन्या मॅकने फक्त 13. यंत्र गेले, खुणा राहिल्या. 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट हे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन लिहिले ते लिनक्सच्या कामासाठी, म्हणजे 10 वाल्यांच्या घरात. विंडोजवरही गिट चालावे म्हणून त्यात एक सोय आली: फाइल साठवताना 13 काढून टाकायचा, परत देताना पुन्हा घालायचा. ही सोय चालू की बंद, हे ज्याच्या-त्याच्या संगणकावरच्या सेटिंगवर अवलंबून असते. खोट आहे ती इथेच.

एकाच प्रकल्पात दोघांची सेटिंग वेगळी असली, की एकाने एक शब्द दुरुस्त करावा आणि नोंदीत अख्खी फाइल नव्याने लिहिल्यासारखी दिसावी, असे घडते. गिट प्रत्येक फाइलला तिच्या मजकुराच्या हॅशवरून ओळखते. त्याच्या लेखी बदललेला बाइट हा बदललेलाच असतो. मग एखादी ओळ मुळात कुणी आणि कधी लिहिली हे शोधायला जावे, तर प्रत्येक ओळीवर ज्याच्या संगणकाने खुणा बदलल्या त्याचेच नाव. ज्या इतिहासासाठी हे साधन वापरायचे, तोच पुसट होतो. लिनक्सवर चालवायच्या आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत 13 शिल्लक राहिला तर संगणक त्या अक्षरासकट दुभाष्या प्रोग्रामचे नाव वाचतो आणि असा प्रोग्रामच नाही म्हणून सांगतो. पडद्यावर मात्र ती ओळ अगदी बरोबर दिसते, आणि नवशिक्याचा अख्खा दिवस त्यात जातो.

आता सातबारे वाचून क्षेत्राची बेरीज करणारा प्रोग्राम कुणी लिहिला आणि चाचणीसाठी काही पीडीएफ प्रोग्रामसोबत त्याच्या गिट-भांडारातच ठेवल्या, असे समजा. फाइल मजकुराची की अन्य जातीची, याचा गिट आतल्या बाइटांवरून अंदाज करते आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. पण सगळ्या फाइली मजकूरच समजाव्यात अशी सरसकट ओळ कुणी लिहून ठेवली, तर तो अंदाज बाजूला पडतो आणि स्वाक्षरीही जाते. जुन्या धाटणीच्या पीडीएफच्या शेवटी असलेल्या सूचीत प्रत्येक नोंद, ओळ संपल्याच्या खुणेसह, बरोबर 20 बाइटांची असावी लागते. कुठला भाग कितव्या बाइटवर आहे हेही तिथेच लिहिलेले असते. एक बाइट वाढला की पुढचे सगळे पत्ते चुकतात. हा धोका फाइलींचे साचे ठरवणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखला होता. 1996 च्या पीएनजी चित्रसाच्यात पहिल्या आठ बाइटांत 13-10 ही जोडी आणि पुढे सुटा 10 मुद्दाम घातला आहे. वाटेत कुणी खुणा बदलल्या तर चित्र उघडतानाच ते कळावे म्हणून.

यावर कुणी म्हणेल, आता संपादक प्रोग्राम दोन्ही खुणा वाचतात, विंडोजचे नोटपॅडसुद्धा 2018 पासून नुसता 10 ओळखते. खरे आहे, पण माणसाला फाइल वाचता येणे वेगळे आणि हॅश जुळणे वेगळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळीकडे 10 करून टाका, वादच मिटेल. नव्या प्रकल्पात साध्या मजकुरापुरते हे करावेच. पण विंडोजच्या बॅच फाइलींना 13-10 लागतो, ईमेलच्या नियमांतही तीच जोडी आहे, आणि दुसऱ्याकडून सहीसह आलेली फाइल सुधारण्याचा आपल्याला अधिकारच नाही. म्हणून भांडाराच्या मुळाशी गिटअ‍ॅट्रिब्यूट्स ही छोटी फाइल ठेवावी: कुठला प्रकार मजकूर, कुठल्याला कोणती खूण, कशाला हातच लावायचा नाही. ती सर्वांबरोबर जाते आणि वैयक्तिक सेटिंगपेक्षा तिचा शब्द मोठा असतो. जुन्या प्रकल्पात खुणा एकसारख्या करायच्या असतील, तर ते काम दुसरा कुठलाही बदल न मिसळता एकाच नोंदीत करावे. ओळींचा कर्ता शोधताना ती नोंद वगळण्याची सोय गिटमध्ये 2019 पासून आहे.