कमानीच्या पाठीवर रोहूची कातडी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात एक धनुष्य मोडले. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, नातवासाठी ते स्वतः तासून केले होते. मुलाने दोरी गालापर्यंत ओढली आणि मुठीच्या जरा वर लाकडाची ढलपी उचकटून फटकन त्याच्या तोंडावर बसली, डोळ्यापासून दोन बोटे खाली. अल्लाहचे आभार, जखम वरवरची होती. पण मी त्याच संध्याकाळी दोन्ही तुकडे चुलीत घातले आणि या घरात पुन्हा धनुष्य येणार नाही, असे सांगून टाकले.

अब्बा काही बोलले नाहीत. सोनईत त्यांचा जन्म सुतारकामात गेला. निम्म्या गल्लीची दारे-खिडक्या त्यांच्या हातची आहेत. तुकडे चुलीत जाण्याआधी त्यांनी ते निरखून पाहिले होते. चार दिवसांनी चहा घेता घेता त्यांनी मला समजावले. दोरी ओढली की धनुष्याची निशाणाकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. बाहेरची ती पाठ, आतले ते पोट. पाठीवर लाकडाचा रेषा टोकापर्यंत सलग असेल तर लाकूड ताण सोसते. तो मध्ये तिरपा कापला गेला तर तिथूनच ढलपी उठते. "मी दाराला मारतो तसा रंधा मारला. गुळगुळीत केलं, पण रेषा कापला गेला," अब्बा म्हणाले.

मी विचारले, मग बांबूचेच का नाही करत? सातपुड्यातले भिल्ल बांबूचेच धनुष्य वापरतात, त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची असते. बांबूचे चिवट तंतू बाहेरच्या सालीलगत दाटलेले असतात, म्हणून त्याला निसर्गानेच पाठ दिलेली आहे. अब्बांनाही ते माहीत होते. "बांबू बुरुडाला येतो. मला लाकूड येतं," एवढेच त्यांचे उत्तर.

मग त्यांनी मला हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांचा प्रसंग सांगितला. म्हातारपणीही ते दोन निशाणांमध्ये येरझारा घालत तिरंदाजीचा सराव करीत. कोणी कारण विचारले, तेव्हा ही विद्या शिकून सोडून देणाऱ्याबद्दल प्रेषितांनी (स.) व्यक्त केलेली नाराजी त्यांनी सांगितली. सहीह मुस्लिममध्ये हा प्रसंग आहे. मी म्हणाले, "अब्बा, शिकून सोडलं तर ना? आपलं अजून शिकून कुठे झालंय?" ते हसले. हसले म्हणजे माझा नकार निम्मा गेलाच.

पुण्याचा माझा भाऊ लाकडी धनुष्यांचा नादी आहे. त्याने फोनवर उपाय सांगितला: धनुष्याच्या पाठीवर कातडे चिकटवायचे. कोणी कच्चे चामडे लावतात, कोणी जनावराच्या स्नायूंचे तंतू, कोणी माशाची कातडी. बारीक ढलपी उठू लागली तर कातडे तिला धरून ठेवते. मात्र त्याने बजावले की माशाची कातडी पातळ असते. ती शोभा देते आणि थोडी राखण करते, वाईट कापलेले लाकूड ती वाचवत नाही. त्यामुळे या वेळी अब्बांनी धामणीचे लाकूड आणले. धामण चिवट आणि लवचीक, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यांना आणि धनुष्यांना फार पूर्वीपासून वापरात आहे. पाठीवर त्यांनी रंधा लावलाच नाही. लाकडाची वर्षाची एकच रेघ टोकापासून टोकापर्यंत राखत, पात्याने खरवडत दोन आठवडे काढले.

पुढचे काम माझ्या स्वयंपाकघरात आले. सोनईच्या एका अंगाला मुळा धरण आणि दुसरीकडे जायकवाडीचे पसरलेले पाणी, त्यामुळे आमच्याकडे रोहू-कटल्याची ददात नाही. चार किलोचा रोहू घेतला. मासेवाल्याला सांगितले, खवले काढ पण तुकडे करू नको, दोन्ही बाजूंची कातडी अख्खी सोडव. तो माझ्याकडे पाहतच राहिला. (बिनकातडीच्या माशाचे कालवण विस्कटते, हे त्या रात्री कळले. चवीला मात्र काही कमी नव्हते.)

कातडीला चिकटलेले मांस मी बोथट सुरीने आणि चमच्याने खरवडले. मग साबणाच्या गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन चरबी काढली. पाणी गारच हवे. गरम पाण्यात माशाची कातडी आखडते आणि तिचाच चिकट सरस होऊ लागतो. खवले निघाले तरी त्यांचे खण कातडीवर राहतात, एकात एक अडकलेल्या चौकटी, जाळीच्या खिडकीसारख्या. सगळी शोभा ती हीच.

सासूबाईंची शंका वेगळी होती: मेलेल्या जिवाचे कातडे घरात, नमाजच्या जागेजवळ? मासा जबह न करताही हलाल असतो, त्याची कातडीही पाक, हे ऐकल्यावर त्या निवांत झाल्या. परदेशात काही जण सापाचे कातडे लावतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा विचारही करू नये.

चिकटवायच्या वेळी अब्बांनी सरसाची जुनी डबी काढली. भावाने नको म्हटले. मुघल आणि दख्खनी सैन्यातली उत्तम कमान लाकूड, शिंग आणि स्नायू सरसाने जोडून केलेली असे आणि पावसाळ्याच्या दमटपणात तोच सरस सैल पडे. हिंदुस्थानात पोलादी कमानी घडवल्या गेल्या त्याचे हेही एक कारण. आम्ही मुकाट्याने फेविकॉल घेतला. लाकडाला पॉलिश पेपर मारला, ओली कातडी मधून कडेकडे दाबत हवा काढली, वरून दवाखान्यातली सुती पट्टी गुंडाळली आणि दोन दिवस सावलीत ठेवले. साडेचार फुटांच्या धनुष्याला एका माशाच्या दोन बाजू जेमतेम पुरल्या. सांधा मुठीच्या चामड्याखाली गेला, टोकांचे उघडे लाकूड मुलीने हिरव्या रेशमी दोऱ्याने झाकले.

नक्षीही तिचीच. मेंदीचा कोन घेऊन तिने त्या चौकटींवर वेल काढली. मेंदी हातावर रंगते तशी कातडीवरही रंगते. मोरोक्कोत बकऱ्याच्या कातडीच्या दिव्यांवर मेंदीने नक्षी काढतात. रंग पक्का झाल्यावर अब्बांनी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात दिले. माशाचा वास तिथे संपला.

कमान सजवणे हा एके काळी पोटापाण्याचा धंदा होता. कच्छमधले कमानगर मुस्लिम कारागीर कमानी करीत आणि रंगवीत. कमानींची गरज सरली तेव्हा त्यांचा कुंचला भिंतींवर गेला. अंजारच्या मॅकमर्डो बंगल्यात त्यांच्या शैलीची रामायणातली चित्रे आजही आहेत. आपल्याकडे कमान हा शब्द आता दारावरच्या गोलाईपुरताच उरला आहे.

धनुष्य तयार झाल्यावर अब्बांनी ते मुलाच्या हातात दिले नाही. पडवीतल्या खुंटीवर आडवे टांगून, दोरीला दुसरी दोरी बांधून, लांब उभे राहून ते थोडे थोडे ओढत गेले. रोज इंच-दोन इंच. आवाज आला की मी आतून बाहेर यायची. बावीस इंचांवर त्यांनी भिंतीवर खडूची खूण केली. त्यापुढे ओढायचे नाही, पाठीवर बारीकशी चीर दिसली तरी धनुष्य बाद, आणि खेळून झाले की दोरी उतरवायची, हे तीन नियम.

मुलाच्या गालावरची खूण आता पुसट झाली आहे. पहिला बाण सोडताना मी दाराआड उभी होते. संध्याकाळी दोरी उतरवलेले धनुष्य खुंटीवर जाते, आणि वास कधीचाच गेला असूनही आमची मांजर त्याखाली बसून वर बघत राहते.