चित्रावर बाण आला की…

बालमित्रांनो, संगणकावर वेबपान उघडून माउस फिरवला की गंमत दिसते. बाण चित्रावर गेला की ते किंचित उजळते, नाहीतर थोडे मोठे होते. बटण दाबलेलेही नसते! "गुरुजी, चित्राला कसं कळतं?" असे सातवीच्या मुलांनी विचारले, म्हणून हे लिहितो.

चित्राला काही कळत नाही. कळते ते ब्राउझरला, म्हणजे पाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला. बाण कुठे आहे यावर त्याचे सारखे लक्ष असते. बाण चित्राच्या चौकटीत शिरला की पान बनवणाऱ्याने लिहिलेला नियम तो लागू करतो, बाहेर गेला की काढून घेतो. याला 'होव्हर' म्हणतात, म्हणजे घिरट्या घालणे. घार उंदरावर घिरट्या घालते, इथे उंदीरच चित्रावर घालतो! हे नियम सीएसएस नावाच्या भाषेत लिहितात. हाकोन विउम ली यांनी ती १९९४ साली सुचवली. होव्हर तिच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले.

आता मोठे करायचे ते किती? चित्र ३०० ठिपके रुंद असेल तर तीन टक्के वाढ पुरे. ते ३०९ होते, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार ठिपके. डोळ्याला तेवढे कळते. मात्र चित्राची रुंदीच वाढवली तर शेजारची चित्रे सरकतात. पंगतीत एकाने मांडी पसरली की सगळ्यांना सरकावं लागतं ना, तसंच. म्हणून 'स्केल' वापरतात, त्याने चित्र जागच्या जागी फुगते. आणि 'ट्रान्झिशन'ने बदलाला सेकंदाचा तिसरा हिस्सा वेळ द्यावा, नाहीतर चित्र दचकल्यासारखे दिसते. काहींना पडद्यावरच्या हालचालीने गाडी लागल्यासारखी मळमळ होते. त्यांनी संगणकात 'हालचाल कमी' असे ठरवले असेल तर आपल्या पानाने ते ऐकावे.

पण खरी अडचण मोबाइलची. तिथे बाणच नाही. बोट टेकलेले असते किंवा नसते, घिरट्या कशा घालणार? पुष्कळ पानांवर चित्राचे नाव लपवलेले असते, बाण आला तरच दिसते. हे मला मुळीच पटत नाही. तुमच्या चित्रांचे पान असे केले आणि आजी मोबाइलवर नातीचे चित्र शोधू लागली, तर तिला वीस चित्रे दिसतील आणि नाव एकही नाही! बिचारी कुणाला विचारणार? म्हणून नाव चित्राखाली कायम छापावे. होव्हर हा नुसता दागिना. माउस न वापरता टॅब कळीने फिरणारेही असतात, त्यांच्यासाठी 'फोकस'चा नियम सोबत लिहावा.

शनिवारी एक चित्र, त्याखाली नाव आणि तीन टक्क्यांचा नियम असे पान करून पाहा. मग तेच मोबाइलवर उघडा आणि चित्रावर बोट टेकवून उचला. कधी कधी बोट उचलले तरी चित्र मोठेच राहते. तसे दिसले तर मला येऊन सांगा.