बियाण्याचा कायदा समितीसमोर जातो तेव्हा

निकृष्ट बियाणं विकलं म्हणून दोषी ठरणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त ५०० रुपये दंड. १९६६ च्या बियाणे कायद्यात हा आकडा लिहिला गेला. पुन्हा तोच गुन्हा केला तर १,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आज सोयाबीनच्या ३० किलोच्या एका बॅगेची किंमत त्या पहिल्या दंडाच्या कितीतरी पट आहे, आणि एक बॅग म्हणजे जेमतेम एक एकर.

चिखली तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावर सोयाबीन जास्त, घाटाखाली कपाशीचा जोर. २०२० च्या जून महिन्यात घाटावरचे शेतकरी एकामागून एक दुकानात येऊ लागले. "भाऊ, पाऊस झाला, पेरलं, पण तासात काहीच नाही." महाराष्ट्रभर त्या वर्षी सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या शेतात तालुका तक्रार निवारण समिती पंचनाम्याला आली, तेव्हा मीही बांधावर होतो. ओळीत हातभर अंतरावर एखादं रोप. माती उकरली तर दाणे फुगून सडलेले. पंचनामा झाला, बॅग, टॅग, पावती सगळं त्याने जपून ठेवलेलं होतं. पण १९६६ च्या कायद्यात शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईचं कलमच नाही. दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच अंगावर आला. भरपाई हवी असेल तर ग्राहक न्यायालय. शेतकरी हाही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केलं, तो मोठा आधार आहे. तरी पेरणी मोडलेल्या माणसाने तारखांवर तारखा घेत फिरायचं, हा न्याय फार लांबचा आहे.

मग कायदा बदलला का नाही? बदलायला घेतला होता. ९ डिसेंबर २००४ रोजी राज्यसभेत नवं बियाणे विधेयक मांडलं गेलं. विक्रीच्या प्रत्येक वाणाची नोंदणी सक्तीची आणि दंड ५,००० ते २५,००० रुपये, अशा त्यात तरतुदी होत्या. ते कृषी विषयाच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं.

ही समिती म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. टीव्हीवर सभागृहातला गोंधळ दिसतो, समितीचं काम दिसत नाही, कारण तिच्या बैठका बंद दाराआड होतात. खात्यांशी जोडलेल्या अशा समित्या १९९३ पासून आहेत, आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. आमचे खासदार प्रतापराव जाधव यांनी ग्रामविकासाच्या आणि नंतर माहिती तंत्रज्ञानाच्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. जून २०२४ मध्ये ते केंद्रात राज्यमंत्री झाले, म्हणजे समितीचं दार आता त्यांना बंद.

विधेयक आलं की समिती खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावते, कंपन्यांना, शास्त्रज्ञांना, शेतकरी संघटनांना ऐकते. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सामान्य माणसाकडूनही सूचना मागवते. मग एकेक कलम वाचलं जातं. न पटलेला सदस्य आपलं वेगळं मत अहवालाला जोडू शकतो. अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, पण तो छापला जातो आणि सरकारला त्याच्याकडे काणाडोळा करणं जड जातं.

२००४ च्या विधेयकाचं तसंच झालं. मूळ मसुद्यात घरचं बियाणं विकणाऱ्या शेतकऱ्यालाही उगवण आणि शुद्धतेचे ठरवलेले किमान निकष लावले होते. म्हणजे शेजाऱ्याला दोन पायली बी विकणारा माणूस आणि मोठी कंपनी एकाच मापात. समितीने याला हरकत घेतली. तिचा अहवाल २८ नोव्हेंबर २००६ ला आला. पुढे सरकारने आणलेल्या दुरुस्त्यांत शेतकऱ्याच्या बियाण्यावरची ती अट काढली आणि भरपाईसाठी स्वतंत्र समितीची कल्पनाही आली. माझ्या मते हेच समितीचं खरं काम. दिल्लीत मसुदा लिहिणाऱ्याला घरचं बी गोणपाटावर कसं तपासतात हे ठाऊक नसतं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर नेहमीइतकंच बी पेरायचं. आमच्याकडे ही तपासणी घराघरात होते. अशा माणसाचं म्हणणं कायद्यात जायचं असेल, तर समितीपेक्षा जवळचं दार नाही.

इतकं होऊनही ते विधेयक कायदा झालं नाही. याची मला मनापासून चीड आहे.

त्याहून काळजीची गोष्ट वेगळीच. पंधराव्या लोकसभेच्या काळात दहापैकी सात विधेयकं समित्यांकडे जात. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण दहापैकी दोनांच्याही खाली आलं. सप्टेंबर २०२० मध्ये तिन्ही कृषी विधेयकं समितीकडे न पाठवता मंजूर झाली. वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले. शेतकऱ्याला आधी ऐकलं असतं तर रस्त्यावर इतके दिवस गेले नसते, असं मला ठामपणे वाटतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने बियाणे विधेयकाचा नवा मसुदा लोकांसमोर ठेवला आणि ११ डिसेंबरपर्यंत सूचना मागवल्या. बियाण्याचं विधेयक संसदेत येईल तेव्हा ते समितीकडे पाठवावं, अशी मागणी आपण आत्तापासूनच आपापल्या खासदाराकडे लेखी केली पाहिजे. आणि समितीची जाहिरात आली, की गावातल्या शिक्षकाला, कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला सोबत घेऊन हिंदीत का होईना, एक पान लिहा. फार कायदा सांगू नका. कोणतं वाण, कोणता लॉट, किती एकर, पेरणीची तारीख, पंचनाम्यात काय निघालं आणि हातात किती रुपये पडले, एवढंच लिहा. पावती आणि टॅगची झेरॉक्स जोडा.